डब्यातली आठ मिनिटं

इंटरनेटवरच्या एका संग्रहात तो जुना मराठी सिनेमा सापडला, तेव्हा आधी मी त्याची वेळ पाहिली. दोन तास चौदा मिनिटं. सुरुवातीच्या सेन्सॉर सर्टिफिकेटवर लांबी असते, म्हणून चित्र थांबवून आकडा घेतला. ३,८९० मीटर. मिनिटाला सत्तावीस मीटरहून थोडी जास्त फिल्म पडद्यावर जाते. म्हणजे दोन तास बावीस मिनिटं हवीत. आठ कमी होती.

पुन्हा पाहिला. खुनाच्या खटल्यात नायक आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि पुढच्याच क्षणी शेतात नांगर धरतो. सुटला कसा, ते नाहीच. फिल्म कापून जोडल्याच्या त्या जागेआधी कोपऱ्यात खरवडलेला बारीक त्रिशूळ लुकलुकला. माझे वडील, आप्पा, उमरग्याकडच्या तंबू टॉकीजवर ऑपरेटर होते. प्रत्येक रिळावर ते हीच खूण करायचे.

संग्रहात सिनेमा चढवणाऱ्या गृहस्थांना मी मेल केला. उत्तर आलं, ‘मूळ प्रिंट सडून गेली. दुसरी असल्याचं ऐकिवात नाही. तुकडा असेल तर लगेच आणा.’

आप्पांना मोबाइलवर तो जोड दाखवला. “हे तुम्ही कापलं?”

“व्हय.” त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. “निम्मं पब्लिक कन्नड, मराठी कळंना. वकील लई बोलायचा, तंबूवर खडे पडायचे. परत देताना जोडणार होतो. पण प्रिंट न्यायला गाडी अवचित आली. सांगितलं असतं तर काम गेलं असतं.”

“तुकडा कुठं आहे?”

“हिशेबनीस जन्मला माझ्या घरी!” ते उठेनात. “तिथं लिहिशील, ऑपरेटर चोर होता म्हणून?”

“नाव लिहिणार नाही. पण आठ मिनिटं कुठून आली, ते लिहावं लागेल, आप्पा. खोटं लिहिता येणार नाही.”

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ट्रंकेतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून उंबऱ्यात ठेवला. झाकण उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास नाकात गेला. मी हात घातला.

“ओढू नको! तुटंल.”

त्यांनीच एकेक वेढा सोडवला. प्रत्येक वेढा उजेडात धरून पाहत होते. वरचे सुटले. आतले एकमेकांना चिकटून ढेप झाली होती. तिथं त्यांचे हात थांबले.

डबा मांडीवर घेऊन मी एसटीनं पुण्याला त्या संग्रहवाल्या गृहस्थांकडे गेलो. तिथं सहा मिनिटं वीस सेकंद शाबूत निघाली. महिन्याभरानं संग्रहात सिनेमाची वेळ बदलली, दोन तास वीस मिनिटं. खाली मी लिहिलेली नोंद आप्पांना वाचून दाखवली : ‘कोर्टाचा प्रसंग तंबू टॉकीजच्या ऑपरेटरनं कापून घरी ठेवला होता.’

“बाकीची?”

“गेली, आप्पा.”



“मग ते बी लिही. मी डबा उघडायला भ्यालो म्हणून गेली.”

मी त्यांच्यासमोर बसूनच ते लिहिलं.