अख्ख्या पालमचा एकच ईमेल

मी पालमला येसर विकते. ज्यांना येसर माहीत नाही त्यांच्यासाठी एकदाच सांगते, परत विचारू नका. गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, थोडे तांदूळ असं वेगवेगळं भाजायचं, धने, मिरची आणि मसाल्याबरोबर दळून आणायचं आणि त्या पिठाची आमटी करायची. लग्नात ही आमटी बिघडली तर आमच्याकडं व्याही वर्षभर नावं ठेवतात. सगळी करामत भाजण्यात आहे, आणि भाजताना डोकं थंड लागतं. ते देवानं मला दिलेलं नाही.

म्हणून भाजायला शेजारीण होती. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान, बोलायला कमी आणि हाताला चोख. मी रागात असले की ती मला कढईजवळ येऊ देत नसे. एकदा भांडण करून आल्या आल्या मी झारा हातात घेतला आणि घाणाभर गहू काळे केले. तेव्हापासून माझं तोंड बघूनच ती म्हणायची, वैनी, तुमी आज पाकिटं चिकटवा.

दरवर्षी दिवाळी झाली की ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्यात परत यायची. त्या वर्षी तिची पोरगी दहावीला होती. एका दुपारी कढईसमोर बसून ती सहज बोलल्यासारखं बोलली की पोरगी म्हणायली, आई, परीक्षेला तरी घरी राहा. मी तिथल्या तिथं शब्द दिला. म्हणलं, यंदा तू जाऊ नको, तुला वर्षभर पुरेल एवढं काम मी देते. मुकादम दिवाळीला टोळी न्यायला आला की त्याला नाही म्हणून सांग. तिनं कढईखालची आच कमी केली.

मी शब्द दिला तो काही हवेत नव्हता. मोबाइलवर माझं येसरचं पेज होतं आणि ते जोरात होतं. पुण्याचे, संभाजीनगरचे लोक फोटोखाली बदाम टाकायचे आणि येसर मागवायचे. सगळं सुरळीत चाललेलं असताना, ऐन गणपतीत, पेजवाल्यांनी मला जन्मतारीख विचारली.

आता आमच्या पिढीच्या माणसाला जन्मतारीख विचारणं हाच मुळात अपमान आहे. शाळेत घालताना गुरुजींनी सगळ्या वर्गाला एक जून दिली होती. आम्ही भावंडं चौघं, चौघांचा वाढदिवस एक जून, आणि आईला विचारलं तर ती म्हणायची, तू ज्वारी काढायच्या वेळची. मला वाटलं, इथं तरी खोटं कशाला लिहायचं? दुकानाचं पेज आहे तर दुकानाची खरी तारीख लिहावी. तीन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला मी पहिलं पाकीट विकलं होतं, ती तारीख टाकली. संध्याकाळी पेज बंद. निरोप आला की आपलं वय कमी असल्यामुळं खातं थांबवण्यात येत आहे. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला तीन वर्षांचं लेकरू ठरवलं.

मी काय काय नाही केलं. कागदावर नाव लिहून, तो छातीशी धरून फोटो काढून पाठवला. आमचे हे तहसीलमधून कारकून म्हणून निवृत्त झालेले, त्यांनी विनंती अर्जाच्या भाषेत चार पत्रं लिहून दिली. समोरून दर वेळी तेच उत्तर यायचं, आपण मोठ्या झाल्यावर परत या. त्या आठवड्यात शेजारणीनं मला कढईच काय, चुलीच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही.

पुण्याला माझा भाचा आहे, कंपनीत आहे. त्याला फोन केला तर त्यानं आधी पोट धरून हसून घेतलं. मग शहाणपण सांगितलं की मावशी, पेज म्हणजे भाड्याचं घर. मालक कधीही कुलूप लावतो. पेज असू दे, पण गिऱ्हाइकांच्या ईमेलची यादी आपली स्वतःची पाहिजे, ती कुणी काढून घेत नाही. मी म्हणलं, अरे, मी वीस वर्षं भाड्याच्या घरात संसार केला, कुठल्या मालकानं सणासुदीला कुलूप लावलं नाही. पण मनात पटलं. त्यानं एकच अट घातली की विचारल्याशिवाय कुणाला मेल पाठवायचा नाही. हो म्हणणाऱ्याचंच नाव घ्यायचं.

जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते पेजच्या पोटातच अडकले होते. मग म्हणलं, नवी यादी करू. एक टेबल, एक वही आणि एक पेन घेऊन पोखर्णीला गेले, नरसिंहाच्या दर्शनाला अख्ख्या पालम तालुक्याची गर्दी असते त्या दिवशी. देवळाच्या वाटेवर बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायला लागले, येसरची माहिती पाठवीन, ईमेल लिहा.

तिथं माझं चुकलं. आमच्याकडं टेबल, वही आणि पेन घेऊन कुणी बसलं की ती योजना असते. बघता बघता रांग लागली. कुणी आधारची झेरॉक्स पुढं करायला, कुणी बँकेचं पासबुक. एक म्हातारी म्हणाली, माझं नाव मागच्या यादीतून गाळलं, ह्या वेळी आधी घे. मी ओरडून सांगायले की बाई, हे सरकारी नाही, हे येसर आहे. मागून एक गडी दुसऱ्याला म्हणाला, येसर पण वाटायलेत बघ. रांग दुप्पट झाली.

ईमेल म्हणलं की लोक पिशवीतून पीकविम्याची पावती काढायचे. तिच्यावर छापलेला असतो म्हणे. मी बिचारी एकेक पावती बघून उतरवून घेत होते. उन्हानं डोळे दुखायला लागले होते, काय लिहिलं ते परत वाचायचं त्राण नव्हतं. वही भरली. एसटीनं परत येताना मी ती मांडीवर अशी धरली होती की कंडक्टरनं तिचंही तिकीट मागावं.

रात्री जेवणं झाल्यावर हे कॉम्प्युटरवर पत्ते चढवायला बसले. थोड्या वेळानं मला हाक मारली. चष्मा काढलेला, डोळ्याला पाणी, आवाज फुटेना. मला वाटलं, काही झालं की काय. तर हसत होते. म्हणाले, अगं, ही वही बघ, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच पत्ता आहे.

खरंच एकच होता. पाच-सात वेगळे सोडले तर पानामागून पान तोच. तो पत्ता कुणाचा तेही ह्यांना ओळखू आलं. बसस्टँडजवळ ऑनलाइनचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, परीक्षेचे फॉर्म, सगळा तालुका तिथूनच भरतो. त्या ऑनलाइनवाल्यानं प्रत्येकाच्या फॉर्मवर स्वतःचाच ईमेल टाकला होता. तालुक्यातली सगळी जनता सरकारदरबारी एकाच पेटीत नांदत होती. माझ्या यादीत उभा-आडवा सगळा तो एकटाच.

त्या रात्री मला हसू आलं नाही. दसरा तोंडावर आलेला, पेज बंद, यादीत एक माणूस, आणि शेजारणीला दिलेला शब्द. ती रोज वेळेवर यायची, उरलेलं धान्य निवडायची, ऑर्डरचं चकार शब्दानं विचारायची नाही. तिनं विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. मला तिच्या पोरीकडं बघायची चोरी झाली होती. दिवाळीला मुकादमाची गाडी दारात उभी राहणार आणि माझ्यामुळं ही नाही म्हणून बसली तर दोन्हीकडून जाणार, ह्याची मला लय भीती बसली.

दुसऱ्या दिवशी मी ऑनलाइनवाल्याच्या दुकानात शिरले ती भांडायच्या तयारीनंच. रांगेतल्या माणसांनी आपोआप वाट दिली. म्हणलं, लोकांच्या नावावर स्वतःचा पत्ता लिहितोस, लाज वाटत नाही? त्यानं मान वर केली नाही. त्याचं म्हणणं असं की आधी तो प्रत्येकाला वेगळा ईमेल काढून द्यायचा. लोक पासवर्ड विसरायचे आणि त्यालाच शिव्या द्यायचे. मग सरकारचा निरोप मेलवर यायचा, तो उघडायलाही लोक त्याच्याकडंच यायचे. म्हणून त्यानं मधला त्रास काढून टाकला होता. वर मला म्हणतो कसा, काकू, आणि पालमच्या माणसाला येसरची जाहिरात पाठवून काय करणार? इथं घरोघर येसर आहे.

हे मात्र माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, सांगून टाकते. कोळीवाड्यात जाऊन मासे विकायला बसले होते मी. तिथल्या बाकड्यावर बसून राहिले, भांडायलाही काही उरलं नाही.

बसल्या बसल्या रांगेतलं बोलणं कानावर पडत होतं. एक आजोबा सातबारा घेऊन म्हणाले, हा पोराला पुण्याला पाठव. ऑनलाइनवाल्यानं पत्ता न विचारता पाठवला. मागची बाई म्हणाली, जातीचा दाखला लेकीला पाठव. तोही गेला. बाहेरगावी राहिलेल्या पोरांना रोज कागद जात होते, आणि त्या पोरांचे ईमेल खरे होते, ती ते रोज उघडत होती. आणि त्यांच्या घरी येसर नव्हतं. मी बाकड्यावरून उठलेच.

मी त्याला म्हणलं, मला तुझ्याकडचा एकही पत्ता नको. पण बाकडं मला दिवाळीपर्यंत लागतं. तो म्हणाला, बसा, तुम्हाला उठवायची माझ्यात हिंमत आहे का? मग मी रोज दुपारी तिथं बसायला लागले. रांगेतल्या आई-बापांना समजावून सांगायचं, त्यांनी तिथूनच पोराला फोन लावायचा, पोरगं स्वतःच्या तोंडानं हो म्हणालं तरच नाव लिहायचं. ते फोन ऐकण्यासारखे असायचे. एक आजोबा पोराला ओरडून सांगत होते की एक बाई तुला पत्र लिहिती म्हणती, घरात भांडण होणार नसंल तर घे.

वही हळूहळू भरायला लागली, ह्या वेळी माणसागणिक वेगळा पत्ता. आता पत्र काय लिहायचं? भाच्यानं नमुना पाठवला होता, त्यात सवलत, त्वरा करा, मर्यादित साठा. ते वाचून मलाच येसर घ्यावंसं वाटेना. मी आपलं बोलते तसं लिहिलं. "पुण्यातल्या पोरांनो, तुमचे आई-बाप बाकड्यावर माझ्याशेजारी बसून तुमची वाट बघायलेत, आणि तुम्ही तिकडं पातळ वरणाला आमटी म्हणायलात. पालमला पाऊस बरा आहे. बसस्टँडचा पंखा अजून बंदच आहे. येसर ताजं आहे. ज्यानं आठ दिवसांत घरी फोन केला नसेल त्यानं आधी फोन करावा, मग ऑर्डर द्यावी." ह्यांनी वाचून सांगितलं की गिऱ्हाइकाला असं झापत नाहीत. मी तसंच पाठवलं.

दोन दिवस काही नाही. मग एकदम उत्तरं यायला लागली. एक म्हणाला, मावशी, फोन केला, आता दोन किलो द्या. एकीनं लिहिलं, तुमची शिवी माझ्या सासूला वाचून दाखवली, त्यांनाही पाठवा. ऑफिसातल्या चार जणांचं मिळून एकानं मागवलं. पुढच्या पत्रात मी बसस्टँडच्या पंख्याचं लिहायचं विसरले तर तीन जणांनी विचारलं, पंखा सुरू झाला का? कोजागिरी होता होता कामाला दिवस पुरेनासा झाला. सगळ्यात मोठी ऑर्डर लग्नसराईची आली, हिवाळाभर दर महिन्याला माल लागणार होता.

ते पत्र वाचलं आणि मी चपला न घालता शेजारणीच्या घरी पळाले. पोरगी ओट्यावर अभ्यास करत होती. शेजारीण आत कढईसमोर होती, काम वाढल्यापासून एखादा घाणा ती घरीच भाजायची. मी दम खाता खाता म्हणलं, हिवाळ्याचं काम आलं, आता मुकादमाला खुशाल नाही म्हण, उद्याच म्हण.

तिनं झारा फिरवणं थांबवलं नाही. म्हणाली, "त्याला मी महालक्ष्म्यांतच न्हाई म्हणलं."

मला काही कळेना. म्हणलं, अगं, गणपतीतल्या महालक्ष्म्यांत तर पेज बंद पडलं होतं. एक ऑर्डर नव्हती आपल्याकडं.

"तुमी जबान दिली हुती की."

मी तिथंच जोत्यावर बसले. म्हणजे मी पोखर्णीला उन्हात पावत्या उतरवत होते, एकाच माणसाची यादी बघून रात्ररात्र जागत होते, तेव्हा हिनं परतीची वाट आधीच मोडून ठेवली होती, आणि रोज येऊन गुपचूप धान्य निवडत होती. मला रडूही आलं आणि तिचा रागही आला. विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस?

"सांगितलं असतं तर तुमी घाबरला असता," ती म्हणाली, "अन् घाबरलं की तुमी येसर जाळता."

मी उठून कढईकडं हात केला. तिनं माझं तोंड एकदा बघितलं आणि चाळणी हातात दिली.