अक्काच्या तोंडावरचा फुलोरा

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गावर होते. तशीच निघाले आणि तासाभरात कोल्हापूरला पोहोचले. दारात गल्लीतल्या बायका जमल्या होत्या आणि जी ती एकच सांगत होती, "चेहरा किती स्वच्छ हाय बघ की. एक डाग न्हाय." बोलत होत्या त्या मायेनेच. पण मला ते ऐकवेना... कारण तो स्वच्छ चेहरा कशामुळे आला, हे मला माहीत होतं. आता काही आठवडे लोटले आहेत. मन निवलं आहे, आणि आठवतात ती तिची मजेचीच वर्षं. म्हणून लिहायला बसले.

सुनंदाअक्का माझ्या नात्यातली नव्हे. बिद्रीजवळच्या आमच्या खेड्यातून मी कॉलेजसाठी कोल्हापुरात आले आणि तिच्या ब्यूटी पार्लरच्या वरच्या खोलीत राहिले. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं कुणी नव्हतं. पहिले काही दिवस मी तिला 'तुम्ही' म्हणत होते. एके दिवशी ती म्हणाली, "माझं वय वाढवतीस व्हय गं? अक्का म्हण, आणि तूच म्हण." घर जैन, त्यामुळे ऐन लग्नसराईतही दिवस मावळायच्या आत पार्लरचं शटर जेवणासाठी खाली यायचं. आत एखादी नवरी अर्ध्या मेकअपमध्ये बसलेली असली, तरी अक्का जेवायला उठायची. "उपाशी हातानं भुवई वाकडी हुती," म्हणायची आणि त्या नवरीलाही ओठांचा रंग सांभाळत दोन घास भरवायची.

तिच्याजवळ पितळी मुठीचा एक गोल आरसा होता. काम झालं की तो गिऱ्हाइकापुढे धरायचा आणि म्हणायचं, "बघ, आणि खरं सांग." शिक्षिकेच्या नोकरीसाठी माझी मुलाखत होती, तेव्हा आदल्या संध्याकाळी तिने तोच आरसा माझ्यासमोर धरला. मला खाली मान घालून बोलायची सवय. "ह्या बाईला तुझं नाव सांग," ती म्हणाली. "जमिनीला काय सांगतीस? जमीन नोकरी देत न्हाय." मी नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. मानेचा तो ताठपणा मला पदवीने नाही दिला, त्या आरशाने दिला.

पुढे तिला खोकला लागला आणि तो थांबेना. आयुष्यात कधी विडी-सिगारेटला न शिवलेल्या अक्काला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. तपासण्या करून डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली, सकाळी उपाशीपोटी घ्यायची. सूर्य उगवल्याशिवाय ती पाण्याचा घोटही घेत नसे, त्यामुळे गोळीची वेळ सूर्यानेच ठरवली. केस जाणार नाहीत हे कळल्यावर ती खूश झाली होती. पण थोड्याच दिवसांत नाकावर, गालांवर, कपाळावर लाल, पिवळ्या टोकाचे बारीक फोड उठले. अगदी कॉलेजच्या पोरींना येतात तशा पुटकुळ्या. आणि पुटकुळ्या म्हटल्यावर अक्काला डॉक्टर कशाला हवा? उभ्या गल्लीतल्या पोरींच्या तिनेच बऱ्या केलेल्या. वाफ घेतली, मुलतानी माती आणि कडुनिंबाचा लेप दिला, वर लिंबू चोळलं. कातडी तडकली, रक्त यायला लागलं. "आग हुतीया गं," असा फोन आला तेव्हा मी रजा टाकून तिला कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "मावशी, ह्या पुटकुळ्या नव्हेत, नुसत्या तशा दिसतात. तुमची गोळी गाठीला आवरते, पण तिचा थोडा मार कातडीलाही बसतो. कातडी कोरडी होते, आणि तुम्ही ती आणखी सुकवलीत." लावायला मलम दिलं, वेगळ्या गोळ्या दिल्या, ऊन टाळायला सांगितलं. "कमी होईल, पण सगळं जाईल असं सांगत नाही. आणि घाबरू नका, पुष्कळदा असं पुरळ उठणं ही गोळी लागू पडल्याची खूण असते."

"आणि गोळी सोडली तर?" अक्काने विचारलं.

"चेहरा निवळेल. आजार मात्र थांबायचा नाही."

गल्लीत तिने आजाराचं कुणाला सांगितलंच नव्हतं. पार्लरचं शटर अर्धं खाली राहू लागलं. 'पार्लरवालीचंच तोंड असं,' म्हणत गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. गोल आरसा टेबलावर पालथा पडून असायचा. त्यातच माझं लग्न ठरलं. 'तुला नवरी म्हणून मीच नटवणार,' हे अक्काने कितीतरी आधी सांगून ठेवलेलं. एकदा हळूच म्हणाली, "पंधरा दिस थांबवते गोळी. तुझ्या लग्नापुरती. असलं तोंड घिऊन नवरीजवळ कशी उभी राहू?"

मी म्हणाले, "गोळी थांबवलीस तर मी तोंडाला पावडरसुद्धा लावणार नाही. तशीच उभी राहीन बोहल्यावर."

"बघू," म्हणाली.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी दाराकडे डोळे लावून बसले होते. अक्का आली. तोंड लालभडक, फोडांनी भरलेलं... आणि माझा जीव भांड्यात पडला. गोळी चालू होती!

सासरची मंडळी इचलकरंजीची. माझ्या चुलतसासूबाई खोलीत आल्या आणि अक्काकडे बघून दारातच थांबल्या. "अगं बया! हिच्याच तोंडाला काय झालंय, आणि ही नवरीला हात लावणार?"

अक्काचा ब्रश थांबला. मग ती पुरती वळली आणि आजवर गल्लीतही कुणाला न सांगितलेलं तिने भरल्या खोलीत मोठ्याने सांगून टाकलं. "पावणं, मला कॅन्सर हाय. ह्यो गोळीचा फुलोरा हाय तोंडावर. तुमच्या सुनंला लागत न्हाय, तुम्हालाबी न्हाय. बसा हितं, तुमच्या भुवया लई वाढल्यात, करून देते."

चुलतसासूबाई क्षणभर उभ्या राहिल्या, मग पदर सावरून खरंच खुर्चीत बसल्या. "दुखवू नका म्हंजे झालं," एवढंच म्हणाल्या. माझ्या लग्नातल्या फोटोंत सगळ्यांत सुंदर भुवया त्यांच्याच आहेत. माझं झाल्यावर अक्काने पिशवीतून गोल आरसा काढला. "बघ, आणि खरं सांग." मला रडू येत होतं. "काजळ गेलं तर बघ!" म्हणून तिने दम भरला.

त्यानंतर शटर पूर्ण वर गेलं. त्याच गोळीने तिच्या पापण्या लांब आणि कुरळ्या झाल्या, डोळ्यांत टोचायला लागल्या. डॉक्टरांना विचारून ती त्या कातरून घ्यायची आणि मिरवायची, "नवरीला नकली चिकटवते, मला ह्या फुकट आल्यात." कॅन्सरच्या उपचारात भुवया गेलेल्या बाया तिच्याकडे येऊ लागल्या. त्यांना ती पेन्सिलने भुवया काढायला शिकवायची. कुणी औषधाचं विचारलं तर म्हणायची, "ते डॉक्टरला इचार. भुवईचं तेवढं मला." ती वर्षं सुखाची गेली, हे मी मनापासून लिहिते आहे.

शेवटच्या भेटीत तिचा चेहरा नितळ होता. गोळी लागू पडेनाशी झाली, म्हणून डॉक्टरांनी ती बंद केली होती. "समदी म्हणत्यात, अक्का, किती छान दिसतीस," ती हसून म्हणाली. "त्यास्नी काय ठावं?" मग उशाजवळचा आरसा माझ्या हातात देऊन स्वतःच्या तोंडापुढे धरायला लावला. "तू खरं सांग. कवा बरी दिसत हुते?"

"माझ्या लग्नात."

"लाल तोंडानं?"

"लाल तोंडानं."

"मलाबी तसंच वाटतंय," म्हणाली आणि आरशातल्या स्वतःकडे बराच वेळ बघत राहिली.

पार्लर आता तिची सून चालवते. परवा गेले होते. भिंतीवर लावायला गल्लीतल्यांनी तिचा तरुणपणीचा गोरागोमटा फोटो सुचवला होता, सुनेने माझ्याकडून माझ्या लग्नातला मागून घेतला. मी बसले असतानाच एक नवी मुलगी आली आणि फोटोकडे बघून म्हणाली, "ह्यांच्या तोंडावर काय उठलंय?"

"फुलोरा," सून म्हणाली. "ह्यो हुता तवर आमची अक्का हुती. बस, भुवया करायच्यात न्हवं?"

काम झालं. दिवस कलला होता, शटर खाली घ्यायची वेळ आली होती. सुनेने पितळी मुठीचा आरसा उचलला आणि त्या मुलीपुढे धरला.

"बघ, आणि खरं सांग."