न तोललेली पासरी

हातघाले आबांनी आयुष्यात कशावरही नुसतं पाहून विश्वास ठेवला नाही. कापसाची गाडी समोर आली की ते बाही वर सारत आणि हात खांद्यापर्यंत आत घालत. वरचा पांढराशुभ्र थर त्यांच्या लेखी नव्हताच. डोळे मिटून आत चाचपायचं, बाहेर काढलेली मूठ नाकाशी न्यायची आणि गाडीवाल्याकडे न पाहता म्हणायचं, "वरतं दिवाळी हाय, पाटील. खालतं काय हाय ते सांगा." खाली ओल निघे. ओल नसली तर माती निघे, आणि मातीही नसली तर आबांना जास्तच संशय येई. ते दुसऱ्या बाजूने हात घालत. बाजाराने त्यांचं आडनाव केव्हाच पुसून टाकलं होतं. सगळे त्यांना हातघालेच म्हणत.

आमच्या तालुक्याच्या गावी तेव्हा कापसाचा मोठा बाजार भरे. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. हुकूम नागपुराहून यायचे, कापूस मुंबईला जायचा, आणि मधल्या धुळीत आमची घरं होती. आबा त्या बाजारात मापारी होते, म्हणजे मोठ्या काट्यावर माल तोलून वजन पुकारणारे. माझे वडील त्यांच्या हाताखाली हमाल. आमच्या गल्लीतला पहिला बी.ए. मी. पोती उचलणाऱ्याच्या घरातून मी कॉलेजात गेलो, हे सांगताना मी तेव्हाही लाजलो नाही आणि आजही लाजत नाही. लाजायची गोष्ट दुसरी आहे. ती पुढे येईल.

आबांचा संशय बाजारापुरता नव्हता. गवळ्याच्या दुधात ते बोट बुडवून नखावर थेंब धरत. काडेपेटी घेतली तर दुकानातच एक काडी ओढून पाहत. स्वतःच्या मुलीला पाहायला आलेल्या पाहुण्याला त्यांनी विहिरीवर नेलं आणि दोन घागरी शेंदायला लावल्या होत्या. "पोरगा काऊन धापा टाकून राह्यला?" म्हणून त्यांनी ते स्थळ मोडलं. त्यांची बायको, आमच्या काकू, म्हणायच्या, "लगनाच्या दिवशी माह्या कानातलं सोनं बी घासून पाह्यलं बाप्पा यायनं!" आबा शांतपणे म्हणायचे, "मंग? पितळ निघालं का नाही?"

पण सगळ्यात मोठा संशय त्यांचा स्वतःच्या काट्यावर. तोलायला सुरुवात करण्याआधी ते दोन्ही पारडी रिकामी ठेवून काटा उचलत आणि तो मधोमध थांबेपर्यंत उभे राहत. व्यापारी खोळंबत, बैल शेपट्या हलवत, हमाल विड्या पेटवत. आबा हलत नसत. "भरेल काटा सगळेच पाह्यतात," ते म्हणायचे. "लबाडी रिकाम्या काट्यात राह्यते." बाजारात कोणी नसताना, सकाळी, एकट्यानेही ते असंच करत. मी लपून पाहिलेलं आहे. मलाही संशयाची खोड आहे, आणि ती मी त्यांच्याकडूनच उचलली.

आणि असा हा माणूस रोज पहाटे आंघोळ करून महादेवाच्या देवळात जायचा, स्वतः वळलेली वात लावायचा आणि काहीएक न चाचपता, न हुंगता हात जोडायचा. मला हे पटायचं नाही. ज्याने बायकोचं सोनं घासून पाहिलं, तो देवाच्या बाबतीत गप्प कसा? मला वाटायचं, आत काहीतरी लपवलेलं आहे.

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी आमच्या प्राध्यापकांनी ईश्वराच्या अस्तित्वाची प्रमाणं शिकवली. सुट्टीत घरी आलो तो वही घेऊनच. मी तोवर शुद्ध बोलायलाही शिकलो होतो, कारण वर्गातली पुण्याकडची मुलं माझं 'मले-तुले' ऐकून हसत. आबांच्या ओसरीवर बसून मी म्हटलं, "आबा, घड्याळ पाहिलं की ते करणारा कोणी असणार हे कळतं. मग एवढं नेमकं चालणारं जग..."

"घड्याळवाला म्यां पाह्यला हाय," आबा म्हणाले. "मशिदीजवळ बसते. म्हनून घड्याळ पाह्यलं का तो आठोते. जग करनारा तुह्या मास्तरनं पाह्यला काय? नाही ना? मंग हे खालतून ओलं हाय. फुडचं काढ."

मी पुढचं काढलं. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, त्या कारणालाही कारण, असं मागे मागे जात एक पहिलं कारण मानावंच लागतं.

"अन् त्याचा बाप?"

"त्याला बाप नाही."

"मंग परतेक गोष्टीले कारन असते हे कोन म्हने बे? तूच ना? याच्यात त गोटा निघाला लेका."

शेवटचं मी जरा चाचरतच वाचलं. सगळ्या देशांतली, सगळ्या काळांतली माणसं देव मानत आली आहेत. आबा एवढे हसले की काकू बाहेर आल्या. "बजारातल्या समद्या गाड्यावाल्यायले इचार, कापूस वाळेल हाय का म्हून. समदे हाव म्हनतीन!"

मी वही मिटली. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता. "म्हणजे देव नाही, हे तुम्हीच सिद्ध केलंत."

"हे तुहं बी ओलंच हाय," आबा म्हणाले. "कापूस ओला निघाला म्हनून जगात कापूसच नाही काय?"

"मग दिवा कशाला लावता? भीती वाटते म्हणून?"

आबांनी हातातली वात पुरी वळली. मग म्हणाले, "भेव असतं त म्यां पयले पुरावा मागतला असता. भेनारा मानूसच समदं पक्कं करून घेते. हे पाह्य, काटा कोनासाठी असते? ज्याच्यासंग सौदा हाय त्याच्यासाठी. माहा त्याच्यासंग सौदा नाही. तो हाय असं कोनी कागदावर लिहून देल्लं, त मंग माहं काय काम उरलं? पावती ठिवाची अन् झोपाचं. आता मले रोज सकायी उठून मानाव लागते. रोज. अन् देवयातून निंघून काट्यापाशी गेलो का रिकामी पारडी पाह्याव लागतात, कोनी नसलं तरी."

मी ते वहीत लिहून घेतलं नाही. एका मापाऱ्याचं बोलणं काय लिहायचं, असं वाटलं.

पुढच्या वर्षी मी बी.ए. होऊन आलो तो ऐन कापसाच्या दिवसांत. बाजारात लोक मला खुर्ची द्यायला लागले होते. त्याच दिवसांत पिंपळगाव राजाचे एक मोठे पाटील गाडी घेऊन आले. घरी काटा असणारा, दोन पैसे राखून असणारा माणूस. घरी तोलून आणलेला कापूस आबांच्या काट्यावर दहा शेर कमी भरला. वाटेत ऊन होतं, माल वाळला असेल, असं आबा म्हणाले. पाटलांनी ते ऐकून घेतलं नाही.

बाजारातली मोठी वजनं बाजाराच्या मालकीची असत. प्रत्येक तोलाचा शेवटचा मेळ घालायची पासरी, म्हणजे पाच शेरांचं लोखंडी वजन, तेवढं मापाऱ्याचं स्वतःचं. आबा ती रोज थैलीतून आणत आणि संध्याकाळी घरी नेत. पंचांनी तिथल्या तिथे ती तोलली. बरोबर भरली. पाटील ओरडले, "भरनच! दाखवाची पासरी अलग अन् तोलाची अलग! माल कमी भरवनारी भारी पासरी तोलून झाल्यावर घरी धाडली असन यानं, व्यापाऱ्यायच्या कामाची!"

या आरोपाला उत्तर नव्हतं. समोर असलेली वस्तू तोलता येते, नसलेली कशी तोलणार? घराची झडती घेतली तरी दुसरीकडे लपवली असं म्हणता येतंच. तेव्हा पंचांनी जुनी रीत काढली. महादेवासमोर बेलभंडार उचलून शपथ घ्यावी, दुसरी पासरी नाही एवढं बोलावं, आणि वाद मिटवावा. पाटीलही कबूल झाले. पंचांत सरकीचे एक मुसलमान व्यापारी होते, आबांच्या वयाचे. ते अगदी काकुळतीने म्हणाले, "आबा, दोन शब्द त बोलाचे हायेत. तुम्ही बोला, घरी चला. आमाले त मालूमच हाय."

"मालूम हाय त शपथ कायले पाह्यजे, सेठ?" आबा म्हणाले. "म्यां देवापाशी कधी त्याचा पुरावा मागतला नाही. आता त्याले माहा पुरावा द्याले उभा करू? एका पासरीसाठी?"

गर्दीत कुजबुज झाली. जो माणूस रोज देवळात जातो तो देवासमोर बोलायला का कचरतो? खरं सांगतो, माझ्याही मनात तेच आलं. सगळ्यांच्या आधी आलं असेल.

मग पंच माझ्याकडे वळले. मी शिकलेला, भिंतीला भिंत लावून राहणारा, आबांच्या घरात लहानपणापासून वावरलेला. "तुमी सांगा. यायच्या घरी दुसरी पासरी पाह्यली काय कधी?"

मी पाहिलेली नव्हती. 'नाही' एवढा एक शब्द पुरला असता. पण सगळा बाजार बी.ए. काय बोलतो ते ऐकायला थांबला होता, आणि मी माझ्या शुद्ध भाषेत म्हणालो, "मी पाहिलेली नाही. परंतु मी पाहिली नाही म्हणजे ती नाही, असं सिद्ध होत नाही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रिकाम्या काट्याकडे पाहत तसं, मी थांबेपर्यंत. मग पंचांना म्हणाले, "बरोबर बोलला पोरगा. खालतून बी कोरडा हाय."

बाजाराने त्यांची पासरी ठेवून घेतली आणि काट्यावर दुसरा मापारी बसवला. तीस-एक वर्षांची जागा त्या दुपारी गेली. घरी आलो तर वडील ओट्यावर बसलेले. "त्याच्या हाताखाली मी आयुष्य काढलं," ते म्हणाले. "तुले पुरावा पाह्यजे होता, त मले नाही इचारला?" त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

आबा मात्र बोलत. पहाटे देवळात जात, येताना बाजाराच्या बाजूने न येता मागच्या बोळाने येत. दिवसभर ओसरीवर वाती वळत. त्यांचा हात आता कोणाच्या गाडीत जात नव्हता, तर त्याला काहीतरी काम हवं होतं. देवावर त्यांनी एकदाही चिडून शब्द काढला नाही. मी त्याचीही वाट पाहत होतो.

मला मेहकरकडच्या एका शाळेत मास्तरकी मिळाली. जायच्या दिवशी आबा मोटारीपर्यंत आले. माझ्या ट्रंकेची दोरी ओढून पाहिली, मोटारीच्या चाकाला लाथ मारून पाहिली, ड्रायव्हरच्या तोंडाचा वास घेतला. सगळं नेहमीसारखं. मला राहवलं नाही. माझी शुद्ध भाषा त्या क्षणी कुठे गेली कोण जाणे.

"आबा, मले एकट्याले सांगा. दुसरी पासरी नव्हती ना?"

"म्यां सांगतलं त मानशील?"

"हाव, मानीन."

"मंग न सांगता मान," आबा म्हणाले, आणि ट्रंकेवरची दोरी आणखी एकदा ओढून पाहिली.

ती आमची शेवटची भेट. दिवाळीच्या आत आबा गेल्याचं पत्र आलं. मी पोचलो तेव्हा तेरावा होऊन गेला होता. काकूंनी आतून त्यांची थैली आणून माझ्यापुढे ठेवली. उचलताना हाताला ओढ बसली. आत लोखंडी पासरी होती. बाजाराने ठेवून घेतलेली तर बाजारातच होती. म्हणजे ही दुसरी.

मी काकूंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मास्तरले दे, म्हने. तोलाची असन त तोलू दे म्हने त्याले." ती कशाची, हे न विचारता मी थैली उचलली. घरात दाणे मोजायलाही लोक पासरी ठेवतात. बापाची म्हणूनही ठेवतात. आणि पाटील म्हणाले तशासाठीही ठेवतात.

त्याला आता खूप वर्षं झाली. शेर गेले, किलो आले. मी जिथे राहतो तिथून किराणा दुकानाचा काटा साठ पावलांवर आहे. मी दूध तपासतो, भाजीवाल्याची दांडी तपासतो, सुनेच्या माहेरची माणसंही मी तपासली होती. देवाचं माझं अजून ठरलेलं नाही, आणि जे प्रमाणं घेऊन येतात त्यांच्या गाडीत मी हात घालतोच. पण कोणी पाहत नसताना रिकामा काटा पाहायला माणसाला काय लागतं, ते मी पाहिलेलं आहे. ते वहीतल्या प्रमाणांतून येत नाही. पासरी माझ्या टेबलावर असते. काही सकाळी मन म्हणतं, उचल, साठ पावलं तर आहेत. ते अजून म्हणतं. मी रोज ऐकतो, आणि रोज ती तिथेच ठेवतो.

परवा बायकोने भंगारवाल्याला बोलावलं. जुने डबे, मोडका पाट, सगळं त्याने आपल्या काट्याला लावलं. मग त्याची नजर टेबलावर गेली. "जुनं लोखंड हाय, मास्तर. किती भरते?"

"पाच शेर."

त्याने पासरी हातात घेऊन वरखाली केली, पुन्हा एकदा केली, आणि माझ्याकडे पाहिलं. "काटा लावून पाहू काय?"

"राहू दे बे," मी म्हणालो. "ठिव खाली."