खोबरेल गोठण्याचे दिवस

साठ सालानंतरची गोष्ट. बाळापूरजवळच्या आमच्या गावी माझ्या थोरल्या भावाने ट्रॅक्टर आणला आणि शेजारच्या शेतकऱ्याला शब्द दिला, "कपाशी निघाली का तुहं वावर मी नांगरून देतो." त्या शब्दावर शेजाऱ्याने आपली म्हातारी बैलजोडी विकून टाकली.

ट्रॅक्टरचे गिअर आणि नांगर उचलणारी मागची लिफ्ट एकाच टाकीतल्या तेलावर चालत. तेल बदलायची वेळ आली तेव्हा दादा अकोल्याच्या दुकानात चिमटीत तेल घेऊन त्याची तार पाहू लागला, गुळाच्या पाकाची पाहतात तशी. पातळ तेल त्याला भेसळीचे वाटले. मी ट्रॅक्टरसोबत आलेली इंग्रजी पुस्तिका उघडली आणि चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचून दाखवले, की या टाकीत पातळच तेल हवे, दाट तेल थंडीत घट्ट होते. माझे म्हणणे बरोबर होते. दादाने दुकानातले सर्वांत दाट तेल घेतले.

पौषातल्या थंडीत ट्रॅक्टर सकाळी सुरू होई; लिफ्ट मात्र नुसती कण्हत राही आणि नांगर जमिनीवरून हलत नसे. ऊन तापले की तो उचलला जाई, पण तोवर अर्धा दिवस गेलेला असे. आमचेच वावर सरेना. शेजारी रोज बांधावर येऊन बसे.

"भाऊ, तुमचा ट्रॅक्टर काहून एवढ्या उशिरा उठून राहिला?"

"नवा आहे. हातात बसू दे."

"माहे बैल तं कोंबड्यासंगं उठत. आता इकल्यावर लय आठवून राहिले."

दादा हसला नाही. मीही पुस्तिकेचे नाव काढले नाही. पुन्हा बोललो तर तो अधिकच हटून बसेल, असे मी मनाला समजावत होतो. त्या गप्प राहण्यात त्याची चूक उघडी पडण्याची वाट पाहण्याची थोडी गोडीही होती, हे आज मला नाकारवत नाही.

एका सकाळी वहिनी ओसरीवरच्या उन्हात खोबरेलाची बाटली ठेवत होत्या. आतले तेल गोठून पांढरे झाले होते.

"अवो," त्या दादाला म्हणाल्या, "हे उन्हात ठेवल्याबिगर डोक्याले तेल भेटत नाही. तुमच्या ट्रॅक्टरले उन्हात ठेवाले केवढी बाटली आणू?"

दादाने बाटली उलटी करून पाहिली आणि मग तो पोट धरून हसला. तेच मी सांगितले होते. फक्त मी सांगितल्यावर त्याला हसायला जागा उरली नव्हती.

नवे तेल आणायला अकोल्याच्या बसला निघताना तो मला म्हणाला, "तूही चाल. पन दुकानात हळू वाचजो."

मी त्याच्या कानाशी लागून वाचले. त्याने तार पाहिली नाही.

दाट तेल काढून टाकी धुतली, नवे भरले, आणि दुसऱ्या दिवशी आमचे अर्धे वावर तसेच सोडून दादाने उजाडताच ट्रॅक्टर शेजाऱ्याच्या शेतात घातला. नांगरटीच्या तासाच्या टोकाशी, बांधाजवळ, नांगर सहज वर आला.

"काय पाजलं बाप्पा याले?" शेजाऱ्याने विचारले.

"खोबरेल," दादा म्हणाला, आणि त्याने ट्रॅक्टर वळवला.