बीजबागेतलं वाकडं झाड

फलटणच्या ज्या रोपवाटिकेत मी नोकरी करते, तिथं प्लायवूडसाठी मलबार नीमची सुधारित जात तयार करायचं काम चालतं. सरळ, जाड, खाली फांद्या नसलेली झाडं निवडायची आणि त्यांच्या बियांपासून शेतकऱ्यांसाठी रोपं करायची. या बियांसाठी वेगळी बाग हवी होती. मीच आटपाडीकडच्या माझ्या मामांना गळ घातली आणि त्यांनी माळाचा तुकडा दिला.

झाडं फुलायच्या वयाला आली तेव्हा मी लाल रंगाचा डबा घेऊन विरळणीला गेले. वाकड्यातिकड्या झाडांवर फुली मारायची, ती काढून टाकायची. नाहीतर मधमाश्या त्यांचे पराग चांगल्या झाडांवर नेतात आणि बी बिघडतं. बांधाजवळचं एक झाड कमरेएवढ्या उंचीवरच दुभंगून वाकलं होतं. मी ब्रश टेकवणार, तोच मामी धावत आली.

"आगं, त्येला हात लावू नगंस! माजी शेरडं उन्हाची तितंच बसत्यात."

"मामी, हे ठेवलं तर बाकीच्यांचं बी खराब हुईल."

"येवढी झाडं दिली की तुमाला. ह्ये एक माजं."

मामा चिडले. "मग बियाणं घील का कोन? तू मार गं फुली."

मी नुसती त्या झाडाभोवती फिरत राहिले. शेवटी रोपवाटिकेच्या साहेबांना फोन लावला आणि तोडगा सांगितला : झाड ठेवायचं, पण दर वर्षी फुलायच्या आधी सगळ्या फांद्या छाटायच्या. फूल नाही तर पराग नाही, पाला शेळ्यांना. "जबाबदारी तुमची," एवढंच ते म्हणाले.

तेव्हापासून थंडी सरत आली की माझं कशात लक्ष लागत नाही. छाटलं का, म्हणून मामांना फोन करते. "छाटलं की गं," ते म्हणतात. तरी एसटीनं जाऊन बघून आल्याशिवाय मला चैन पडत नाही.

यंदा गेले, तर त्या झाडाची बांधापलीकडं झुकलेली एक फांदी पांढऱ्या फुलांनी भरलेली. माश्या घोंघावत होत्या. मामांचा खांदा धरला होता, म्हणून मामीनंच छाटणी केली होती, आणि तिचा कोयता तिथवर पोचला नव्हता. मी फांदी ओढून मोडली. पण ती फुलली कधी, कोणालाच सांगता येईना.

आसपासच्या ओळींचं बी यंदा घेऊ नका, असं मी साहेबांना कळवलं. जेवताना मामीच म्हणाली, "पुढच्या साली काढून टाक बाई. तुजा जीव काय थाऱ्यावर न्हाई."



परतताना दिघंचीच्या स्टँडवर गाडी थांबली. मी खाली उतरले, मामांना फोन लावला आणि विचारलं, त्या झाडाच्या विहिरीकडच्या बाजूला अजून एखादी फांदी राहिली नाही ना, कुणी बघून येईल का.