सगळ्यांचं दुसरं मत

मी विधान परिषदेला उभी राहिले होते हे आज सांगितलं की लोक हसतात. हसू देत. तेव्हाही हसतच होते, फक्त तोंडावर नाही. आमच्या भागात तोंडावर कुणी हसत नाही आणि तोंडावर कुणी नाहीही म्हणत नाही. मला नडला तो हाच चांगुलपणा.

कन्नड मुलखातल्या भालकीच्या एका खाजगी हायस्कुलात मी गणित शिकवत होते. वय बेचाळीस, लग्न झालेलं नाही, पिठाच्या गिरणीमागे भाड्याची एक खोली. उदगीरला भाऊ होता, तो दिवाळीला पत्र टाकायचा. तोंड फटकळ म्हणून शाळेत फारसं कुणी जवळ यायचं नाही. जवळ आली ती एकच. विज्ञान शिकवायला आलेली मुलगी, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी मला अक्का म्हणाली आणि माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता उचललं. पाच वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. मला बहीण नाही, लेक नाही. जे काय होतं ते तीच होती, आणि हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

आमच्या संस्थेत एक रीत होती. नेमणुकीच्या दिवशी पेढे देऊन झाले की अध्यक्ष एक कोरा ताव पुढे करायचे. त्यावर राजीनामा लिहून द्यायचा, सही करायची, तारखेची जागा रिकामी ठेवायची. अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणत. "उगं आपली पद्धत हाय, बाई," असं ते प्रेमानं म्हणायचे. तो कागद कपाटात जायचा. पुरुष मास्तरांनी डोकं वर काढलं की त्यावर तारीख पडायची आणि बायकांना दिवस गेले की पडायची. मीही लिहून दिला होता. सगळ्यांनी दिला होता, म्हणून कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

तिला सातवा महिना लागला आणि तिच्या कागदावर तारीख पडली. नवरा साखर कारखान्यात हंगामी, हंगाम संपला की घरी. सासू आजारी. ती कपाटातल्या प्रयोगाच्या नळ्या मोजून हेडमास्तरांच्या ताब्यात देत होती आणि तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. मी अण्णांकडे गेले, भांडले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, तिनंच लिहून दिलंय की. अक्षर बघा, तिचंच हाय. कामून तापायलाव?"

त्या वर्षी शिक्षकांच्या जागेची निवडणूक लागली. विधान परिषदेत काही जागा शिक्षकांसाठी असतात, तिथं हायस्कूल-कॉलेजातले शिक्षकच मत देतात. मी ठरवलं, उभं राहायचं. माझ्या पत्रकावर तीनच गोष्टी होत्या: बाळंतपणाची पगारी रजा, बिनतारखेच्या राजीनाम्यांवर बंदी, आणि काढून टाकायचं तर आधी लेखी कारण. बाहेर लोकांना सांगताना मी 'समस्त शिक्षकभगिनी' वगैरे म्हणायची. खरं सांगायचं तर मला एकच भगिनी परत हवी होती. हा विषय सभागृहात निघाला तर अण्णांना तिला परत घ्यावंच लागेल, एवढा माझा सरळ हिशेब.

अण्णांचे व्याहीच उमेदवार होते. मी अर्ज भरला त्या दिवशी अण्णांनी मला बोलावून चहा पाजला आणि कपाटाकडे बघत म्हणाले, "तुमचा पण कागद हाय हां, बाई." मी म्हटलं, "हाय न्हवं का. पेन देऊ का तारीख घालायला?" घरी आले आणि साठवलेल्या पैशांत किती महिने निघतील याचा हिशेब रात्रभर मांडत बसले. पण बोलले ते बोलले.

शनिवारी दुपारी शाळा सुटली की मी एस.टी. धरायची. बसवकल्याण, मुडबी, आळंद, निंबर्गा. पिशवीत पत्रकं, पाण्याची बाटली, दोन भाकऱ्या. दुसऱ्या उमेदवारांच्या जीपा धूळ उडवत जायच्या आणि मी फाट्यावर लिंबाखाली उभी. "कुठं जायलाव, बाई?" असं कुणी विचारलं तर मी म्हणायची, "मतं मागायला." विचारणाऱ्याला वाटायचं, थट्टा करतेय.

लोक फार चांगले होते. खरंच चांगले. मुडबीला एका म्हाताऱ्या सरांनी घरी नेऊन गरम भाकरी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी वाढली. त्यांच्या बायकोनं कुंकवाच्या करंड्याकडे हात नेला, मग माझ्या कपाळाकडे बघून क्षणभर थबकली, मग लावलंच. सरांनी पत्रक चष्मा लावून वाचलं. म्हणाले, "बाई, एक एक शब्द खरा हाय. पण पहिलं मत व्याह्यांना द्यावं लागतंय, संस्थेत पोरगा लागायचाय माझा." मी पत्रकाची घडी करून पिशवीत ठेवली. त्यांना फार वाईट वाटलं. ते अवघडलेले मला बघवेनात. तेव्हा मीच म्हणाले, "असू द्या सर, पहिलं जमत नसंल तर दुसरं तरी मला द्या."

या मतदानात शिक्का मारायचा नसतो. नावांपुढं आकडे लिहायचे, सगळ्यात आवडत्याला एक, त्यानंतरच्याला दोन. सरांचा चेहरा असा काही खुलला! "व्हय, व्हय! दुसरं तुमचंच, बाई. शब्द दिला."

त्यांची सुटका झाली आणि माझीही. रिकाम्या हातानं उठावं लागलं नाही. झालं, मला ती चटकच लागली. पुढच्या गावाला मी आधीच म्हणू लागले, "पहिल्याची अडचण असंल तर दुसरं द्या." अडचण सगळ्यांनाच होती. एकाला संस्था, एकाला जात, एकाला मेहुणा. निंबर्ग्याचे कन्नड मास्तर हात जोडून म्हणाले, "अक्कावरे, एरडने वोटु निमगे." दुसरं तुम्हालाच. बसवकल्याणच्या उर्दू शाळेत म्हणाले, "दूसरा तो आपकाच है, बाई." तिन्ही भाषांत मला दुसरं मत मिळालं. मी घरी येऊन वहीत नावं लिहायची आणि मनात म्हणायची, पहिली मतं चौघांत वाटली जातील, दुसरी मात्र सगळी माझ्याकडे गोळा होतील. वा रे गणिताची बाई!

ती सुरुवातीला माझ्याबरोबर यायची. डिसेंबरात बाळंत झाली, मुलगा झाला, सव्वा महिना झाल्यावर बाळाला दुपट्यात घेऊन एकदा बसवकल्याणपर्यंत आली. मी बोलत होते आणि ती मागच्या बाकावर बाळाला थोपटत होती. त्या दिवशी मी काय सुंदर बोलले! कुणीतरी आपलं ऐकतंय म्हटल्यावर माणूस वेगळंच बोलतं. पण पुढच्या शनिवारी ती आली नाही, बाळाला ताप होता. त्याच्या पुढच्या शनिवारी सासूचं काहीतरी निघालं. मग मी बोलवायचं सोडलं. बाळंतिणीला किती पळवायचं? शिक्षकांच्या यादीत तिचं नाव अजून होतं, नोकरी गेली तरी मागच्या वर्षांमुळे मत शाबूत होतं. जग उलटलं तरी हे एक पहिलं मत माझं, एवढं मी धरून चालले होते.

शाळेत मात्र वाळवंट. मी स्टाफरूममध्ये शिरले की बोलणं थांबायचं. वाईट कुणी बोललं नाही. पण मधल्या सुट्टीत मी डबा उघडला की शेजारची खुर्ची रिकामी. एकदा मी लोणच्याच्या दोन फोडी काढून डब्याच्या झाकणावर ठेवल्या आणि मग लक्षात आलं, कुणासाठी? फोडी परत डब्यात टाकून मी झाकण लावलं. एकटेपणाची मला सवय होती असं मी समजत होते. ती सवय कधीच मोडली होती. पाच वर्षं दोघींनी जेवून मोडली होती.

मतमोजणी गुलबर्ग्याला होती. इतरांचे प्रतिनिधी डबे, थर्मास घेऊन टेबलाभोवती. माझ्या बाजूनं मी एकटी. पहिल्या पसंतीचे गठ्ठे लावले. व्याह्यांचा गठ्ठा दोन हातांत धरवेना. माझी मतं कारकुनानं दोन बोटांच्या चिमटीत उचलली.

आणि मला डोळ्यांनी दिसत होतं, व्याह्यांच्या गठ्ठ्यात, दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या गठ्ठ्यात, कागदामागून कागद माझ्या नावापुढे दोनचा आकडा! कुणी मला फसवलं नव्हतं. मुडबी, निंबर्गा, बसवकल्याण, सगळ्यांनी दिलेला शब्द पाळला होता. मी हरखून कारकुनाला म्हटलं, "ही बघा, ही माझी!"

तो वयस्कर माणूस होता. त्यानं चष्मा काढला. "बाई, सबसे कम जिसके, उसकू पहले निकालते. तुम निकल गए. अब तुमारे दो नंबर कौन देखता?"

नियम मी वाचला होता. पन्नास वेळा वाचला होता. सगळ्यांत कमी पहिली मतं ज्याची, तो आधी बाद. दुसरी मतं मोजायची ती जे उरलेत त्यांची. सातवीच्या पोरानं सोडवावं इतकं सोपं गणित. पण लोकांच्या चेहऱ्यावरची ती सुटका बघायला मी इतकी आसुसले होते की हे गणित मांडायचंच मी टाळलं. भिडेभिडे पोट वाढे, तशी गत. मी स्वतः गावोगाव हिंडून लोकांना शिकवून आले होते, की मला पहिलं नको.

जूनमध्ये शाळा उघडली. अण्णांनी माझ्या कागदावर तारीख घातली नाही. हरलेल्या बाईला काढून कशाला मोठं करायचं? मी स्टाफरूममध्ये गेले तर माझ्या शेजारच्या खुर्चीत ती बसलेली. हातात हजेरीपट.

मला इतका आनंद झाला की मी नुसती "अगं!" एवढंच म्हणाले. ती उठून उभी राहिली. बाकीचे घंटेबरोबर गेले. मग तिनं खाली बघून सांगितलं, सगळं एका दमात, की फेब्रुवारीत अण्णा घरी आले होते, पहिलं मत व्याह्यांना दिलं आणि सासरच्या तीन मास्तरांकडून देववलं तर जूनपासून घेतो म्हणाले. "नवा राजीनामा लिहून घेतलाय, अक्का. तारीख सोडून." मी वळून खडूची पेटी उघडली तेव्हा ती घाबरली. "दुसरं तुमालाच दिलं. आईशप्पथ. तुमीच तर म्हणत होताव न्हवं, पहिल्याची अडचण असंल तर दुसरं द्या म्हणून?"

मी उभी राहिले होते ती तिला नोकरी परत मिळावी म्हणून. मिळाली होती. मग मला राग कशाचा आला? पण आला. असा आला की मी खडू उचलला आणि तिच्या अंगावरून वर्गावर निघून गेले.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर तिच्या वर्गावरून जाताना मी पाहिलं, ती फळ्याकडे तोंड करून उभी होती आणि पदर छातीशी घट्ट धरला होता. ब्लाउज ओला झाला होता. बाळ घरी, पाजायची वेळ उलटलेली, आणि हेडमास्तर सोडणार नाहीत. मी आत गेले, तिच्या हातातला खडू घेतला आणि पोरांना म्हटलं, "गणिताच्या वह्या काढा." पोरं कुरकुरली. ती माझ्याकडे बघत राहिली, मग मागच्या दारानं पळाली.

त्यानंतर रोज. वर्षभर रोज तो तास मी घेतला आणि वर्षभर तिच्याशी एक शब्द बोलले नाही. ती डबा माझ्यासमोर सरकवायची, मी वर्तमानपत्र उघडायची. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. कळून काय होतं? ज्यांच्याकडून अपेक्षा नव्हती त्यांना मी केव्हाच माफ केलं होतं.

पुढच्या मे महिन्यात तिच्या नवऱ्याला गुलबर्ग्याकडे कायमची नोकरी लागली. जायच्या दिवशी ती पोराला कडेवर घेऊन गिरणीमागच्या खोलीवर आली, पाया पडली आणि म्हणाली, "अक्का, एकदा शिव्या तरी द्या."

मला म्हणायचं होतं, जाऊ नको. मी म्हणाले, "बस चुकंल. नीघ."

जूनमध्ये शाळा उघडली. मधल्या सुट्टीनंतर घंटा झाली आणि मी सरळ तिच्या वर्गात शिरले. फळ्यापाशी नवे सर उभे होते, हात अजून अर्ध्या अक्षरावर. म्हणाले, "बाई, काही पाहिजे होतं?"

"न्हाई," मी म्हटलं, आणि दार ओढून घेतलं.