भाड्याच्या खोलीत मागाचा खड्डा

संगमनेर सोडलं त्या सकाळी सर्व्हिस मोटार बाजारात उभी राहून भोंगा वाजवत होती आणि आबा घरात खड्डा बुजवत होते. घर विकलेलं होतं. घेणाऱ्याचा माणूस उंबऱ्यावर पाय ठेवून उभा. जमीन सपाट करून द्या, ही त्याची अट. मी चिडून म्हणाले, "घर त्यांचं झालं तर खड्डाही त्यांचाच. भरू द्या की त्यांनाच." आबांनी वर पाहिलं नाही. एकेक टोपली ओतत राहिले. माणूस म्हणाला, "धुमूस घाला वरनं, माती ठोकून बसवा." आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. बसंल आपसूक."

शेजारच्या राहीकाकू दारात आल्या. "चालले बाई नगरला. आता सायबाच्या मडमा व्हनार ह्या!" आणि हसता हसता आईच्या गळ्यात पडून रडल्या. आबा हात झटकत बाहेर आले. मोटारीत त्यांच्या नखांत माती होती, ती नगरपर्यंत तशीच.

साळी गल्लीतल्या तुम्हा सगळ्यांना, आणि आमच्यासारखेच उठून मालेगावला, भिवंडीला, मुंबईला गेलेल्यांना हे लिहिते आहे. तुमच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच प्रश्न असतो : स्वतःचं घर कधी घेणार? उत्तर देऊन मी दमले. आता एकदाच लिहून टाकते.

हे पत्र तुमच्या नव्या शेजाऱ्यांतही वाचलं जाईल; त्यांच्यातल्या ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचा माग जमिनीलगत असतो. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खाली सोडतो आणि खालच्या फळ्या पायांनी दाबतो. खड्डा ज्याच्या त्याच्या पायांच्या मापानं खणलेला असतो. म्हणजे साळ्याला घर लागतं ते छपरासाठी कमी, जमिनीसाठी जास्त. ज्या जमिनीत खड्डा खणता येत नाही तिथे तो साळी राहत नाही, मजूर होतो.

आबा मजूर झाले. लढाईत सूत महागलं, मग दिसेनासं झालं. ज्याच्याकडे होतं त्या शेठनं उधार दिलं, आणि त्याच सुताची लुगडी तो म्हणेल त्या भावानं उचलली. हा दरोडा होता. मी पत्रकात तसं छापलं आहे, इथेही तेच म्हणते. पण आबांनी कागद कुणाकडून वाचून न घेता अंगठा दिला, हेही खरं. घर गेलं तरी देणं उरलं. ते फेडायला शेठच्या नगरच्या कारखान्यात, त्याच्या मागावर बसायचं ठरलं. तिथला खड्डा कुणा उंच माणसाच्या मापाचा. आबांचे पाय तळाला पुरेनात. पायाखाली विटा रचून त्यांनी साडेचार वर्षं विणलं. घरी आले की आई त्यांच्या पोटऱ्यांना तेल लावायची आणि मी सभेला जायचे.

खोली तोफखान्याच्या मागे, सोनाक्का नावाच्या विधवेच्या घरात. मातीच्या भिंती. सोनाक्का एका खोलीत राहायच्या, दोन भाड्यानं द्यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "खड्डा खांदायचा न्हाई. मागं एका साळ्यानं भिंतीला लागून खांदला, पावसात भिंत बसली. मी उघड्यावर ऱ्हायले." आमचा माग सुटा करून आणला होता. त्याची लाकडं दोरीनं बांधून आढ्याला टांगली. त्यांच्याखाली आम्ही तिघं झोपायचो. आई विड्या वळायची, मी तिला हातभार लावायचे. पुढे विडीकामगारांच्या संघटनेत गेले आणि तिथे पत्रकं लिहायला शिकले.

पहिलं पत्रक घरमालकांवरच लिहिलं. दोन दिवसांनी सोनाक्का अंगणात चिंचा फोडत बसल्या होत्या. हाक मारली, "इंदे, माझ्यावर कागद छापलाय म्हनं तू. वाच की."

"तुमच्यावर नाही, आक्का. सगळ्या घरमालकांवर आहे."

"मग मी कोन, धर्मशाळेची राखनदार? वाच."

वाचलं. घरमालक हा भाडेकरूच्या रक्तावर पोसलेला आहे, इथपर्यंत आले. त्यांनी चिंचोका बाजूला टाकला. "रगताचं मागनं बगू. दोन म्हयन्याचं भाडं ऱ्हायलंय, ते आदी दे. आन भिंत पडली तर ती कुनाच्या रगतावर उभी करायची, ते बी लिव त्यात."

आई विड्या वळता वळता हसली. मला तिचाच राग आला. भाडेकरूनं हसू नये, असं तेव्हा माझं मत होतं.

यंदा शेठचं देणं फिटलं. कसं, ते सांगत बसत नाही. फिटलं. आणि त्याच आठवड्यात संगमनेरहून निरोप आला, आपलं जुनं घर पुन्हा विकायला निघालंय. शेठला आमच्या आधी कळलं होतं. म्हणाला, "घ्या परत. पैसे मी देतो. आपलीच माणसं तुम्ही."

आबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मी घाबरले. मग बोलायला लागले, सभेत बोलते तशी. घर ही बेडी आहे. घरासाठी पुन्हा त्याच दारात जायचं? भाड्यानं राहा, मोकळे राहा, उद्या वाटेल तिथे जा. आई मध्येच म्हणाली, "तुला काय पोरी, तू दुसऱ्याच्या घरी जानार." मी म्हणाले, मी कुणाच्याही घरी जाणार नाही. आबांनी सगळं ऐकून घेतलं. "झालं का भाषान? च्या घे आता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेठला नको म्हणून सांगितलं.

महिन्याभरानं राहीकाकूंनी कुणाकडून तरी पत्र लिहवून घेतलं. घर एका किराणावाल्यानं घेतलं, आत शहाबादी फरशी टाकली. मी पत्र वाचून दाखवलं. आबा आढ्याच्या लाकडांकडे बघत होते.

"फरशी खचंल ती मदी," ते म्हणाले. "खाली माती मोकळी हाय. मी मुद्दाम धुमूस मारला न्हाई. पुन्यांदा उकराया सोपा जावा म्हनून."

कर्जाबद्दल मी बरोबर होते, आजही तेच म्हणेन. पण मोकळे राहा, मोकळे राहा म्हणत होते तेव्हा त्यांची मोकळीक माझ्या डोक्यावर दोरीला टांगलेली होती. सूत आता सरकारी कार्डावर मिळतं, आणि ते कार्ड ज्याचा माग उभा असेल त्यालाच. तपासणीवाला येऊन बघून जातो. खड्डा नाही तर माग नाही, माग नाही तर सूत नाही, आणि देणं फिटलं तरी आबा शेठच्याच विटांवर पाय ठेवून बसणार. हे माझ्या एकाही पत्रकात नव्हतं.

सोनाक्कांकडे गेले. या वेळी कागद घेऊन नाही, खड्ड्याची परवानगी मागायला. चिंचा फोडता फोडता त्यांनी अटी घातल्या.

"भिंतीपासनं लांब, खोलीच्या मदोमद. जाताना बुजवून द्यायचा. आन धुमूस घालून. आन दिवाळीला मला एक लुगडं."

"ही वेठ झाली, आक्का," मी म्हणाले.

मागे आबा कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. "देतो. हिरवं का जांभळं?"

"इधवेला इचारतोय बगा! पांढरं देऊ नको म्हंजे झालं."

करार मी लिहिला. घरमालकीण आणि भाडेकरू, दोघांचे अंगठे उमटलेला माझा हा एकमेव कागद. आबांनी तो आधी दोनदा वाचायला लावला.

खड्डा खणला. आबांनी काठावर बसून पाय सोडून माप घेतलं. संगमनेरात ते खड्ड्यातून हातावर उठून निघायचे. इथे बाजूला एक पायरी ठेवायला सांगितली. माग उभा आहे, कार्ड मिळालं आहे. आता आम्ही खड्ड्यावर फळी टाकून भोवती झोपतो, आणि उठताना आईला रोज खड्ड्याची आठवण करून द्यावी लागते.

घर कधी घेणार, ते मला माहीत नाही. विचारू नका. खड्ड्यातली माती मी रस्त्यावर टाकायला निघाले तेव्हा आबांनी टोपली धरली. "टाकती कुटं? बुजवायला लागंल ती." दोन पोती भरली. दाराआड उभी आहेत. आल्यागेल्याला वाटतं, साळ्याकडे यंदा जोंधळा आलाय.

आबांनी पोत्यांची तोंडं नुसती दुमडून ठेवली होती. ती मी शिवून टाकली, सुतळीचे दुहेरी टाके घालून. सहज उघडता येऊ नयेत म्हणून.